ताडं रुसली ते साल

नारपोली, भिवंडी
कार्तिकी पौर्णिमा

प्रिय सुकू,

तू म्हणालीस, फोनवर नको, बसून लिही, तुझ्याच शब्दांत. वाईनच्या बाटलीबरोबर द्यायच्या तुमच्या त्या छोट्या पुस्तिकेत आपल्या भागातल्या ताडी-मोहाची माहिती टाकायची आहे आणि ती तुझ्या कॉलेजच्या पुस्तकांत सापडत नाही. म्हणून बसले आहे. अंगणवाडीची रजिस्टरं सोडली तर मी किती वर्षांत सलग चार ओळी लिहिलेल्या नाहीत, तेव्हा चुका तू सुधारून घे. दुपारी पोरं घरी गेली की अंगणवाडीतच दार लोटून लिहिते. आजचा तिसरा दिवस. घरी बसले की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात. तीस वर्षं लूमच्या आवाजात काढल्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं, पण वाचता चांगलं येतं, आणि हे पत्र त्यांच्याआधी तू वाचावंस असं मला वाटतं.

ताडीपासून सुरू करते. अंबाडीच्या पलीकडे माझ्या माहेरी बांधावर अकरा ताड होते. तुझा आजा लडकू, म्हणजे माझा बा, दिवाळी झाली की ते छेदायला घ्यायचा तो वैशाखापर्यंत. दिवसातून दोनदा चढायचा. कमरेला मडकं, पायात दोर, आणि एक पातळ कोयती, जिला तो घरात कुणाला हात लावू द्यायचा नाही. ताडाच्या तुऱ्याचं टोक रोज नखाएवढं कापायचं, खाली मडकं बांधायचं, रात्रभर थेंब थेंब रस गळतो. मडकं स्वच्छ धुवून आत चुना लावला तर उतरते ती नीरा. गोड, थंड, लहान पोरांनीही प्यावी अशी. न धुतलेल्या मडक्यात तोच रस उतरला की त्याची ताडी होते. तुम्ही नाशिकला द्राक्षाच्या रसात पाकिटातलं यीस्ट मोजून टाकता ना, ते काम आमच्याकडे कालच्या मडक्याला लागलेला फेस करायचा. बा म्हणायचा, "सकालची ताडी लेकरू, दुपारची सून, नि सांजची सासू." सकाळी गोड, दुपारी आंबट होऊन फेसाळलेली, आणि सूर्य कलला की अशी कडक की गिऱ्हाईक बांधावरूनच आडवं व्हायचं. त्याच्या पुढे गेली की नुसता शिरका. बा स्वतः सकाळी एकदा, उतरल्या उतरल्या, ओंजळभर चाखायचा. बरी आहे की नाही एवढं बघायला. त्याच्यावर एक थेंब नाही.

शिंदीची झाडं आमच्याकडे ओढ्याकाठी दोनच होती. तिचा रस थंडीतच यायचा, ताडीपेक्षा पातळ आणि गोडीला हलका. माडी मात्र नारळाची. ती आमच्याकडे नव्हती, वसईकडून कुणी पाहुणा आला तर आणायचा आणि आये ती घावनाच्या पिठात घालायची. घावनं अशी जाळीदार फुगायची की मी आणि तुझा मामा भांडायचो. तेव्हा मला वाटायचं, आंबणं ही स्वयंपाकातलीच एक गोष्ट आहे. आंबील आंबते, ताक आंबतं, तशी ताडी आंबते. त्यात लपवण्यासारखं काय असतं हे मला माहीत नव्हतं. मी आणि आये डोक्यावर मडकी घेऊन अंबाडीच्या नाक्यावर बसायचो, वाड्याला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या, ड्रायव्हर उतरून उभ्या उभ्या प्यायचे, आणि त्यांच्यातला एक जण रोज मला म्हणायचा, "बेटी, आज का मीठा है?" मी दहावीपर्यंत शिकले ती त्या मडक्यांवर.

आता त्या अकरांतले तीन राहिलेत. यंदा भाऊबीजेला गेले होते. बांधाच्या पलीकडे जिथे नाचणी असायची तिथे गोडाऊन उभं राहिलंय, पांढऱ्या पत्र्याचं, टोक दिसत नाही इतकं लांब. तुझ्या मामाचा दीपेश तिथेच सुपरवायझर आहे. त्याच्या शिफ्टच्या मधल्या सुट्टीत त्याने मला गेटवरून आत नेऊन दाखवलं. आत नुसते खोके. मी त्याला विचारलं, ताड कुठले गेले ठाऊक आहे का, तर म्हणाला, "आत्या, मी कामाला लागलो तेव्हा इथं लोडिंगच होतं."

मोहाच्या दारूचं सांगायचं तर ती वेगळ्या जातीची. ताडी आंबवलेली, मोहाची गाळलेली. तुझ्या भाषेत काय ते तू लिही. चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो, पिवळट, चिकट, तोंडात टाकलं तर मनुक्यासारखं. ती वाळवायची, मग पाण्यात पाच-सहा दिवस भिजत घालायची. मडक्याला कान लावला की आतून कुजबुज ऐकू येते. मग खाली जाळ, वर थंड पाणी, मधून बांबूची नळी. पहिल्या धारेची असते ती काडी लावली तर निळी पेटते. पाड्यावरच्या बायका गाळायच्या, चोरून, आणि आमच्या घरी एक बाटली औषध म्हणून फळीवर असायची. सर्दीला, वाताला, आणि बाळंतिणीला. धुराचा वास, त्याच्या मागे फुलाचा, आणि गिळल्यावर छातीत खालपर्यंत कुणी ऊबदार हात फिरवल्यासारखं.

हे मी इतकं नेमकं लिहिते आहे, तर तू थांबून विचार केला असशील, आईला चव कशी ठाऊक.

सुकू, तुला एक भाऊ झाला होता हे तुला माहीत आहे. तू साडेपाच वर्षांची होतीस. तो चार दिवस जगला. हेही माहीत आहे. पुढचं माहीत नाही. मी बाळंतपणाला माहेरी होते. अंगावर दूध होतं आणि पाजायला कुणी नव्हतं. मला झोप येत नसे. आये बिचारी काय करणार, तिला तिच्या आयेने शिकवलं तेच तिने केलं. फळीवरची बाटली काढली, कोमट पाण्यात दोन चमचे मोहाची घालून मला दिली. मी झोपले. दहा दिवसांनी दोन चमच्यांवर झोप येईना. आयेला न विचारता मी तिसरा घेतला. सव्वा महिन्याने नारपोलीला परत आले तेव्हा पिशवीत साड्यांच्या मध्ये एक बाटली होती आणि मी ती औषध म्हणूनच आणली होती. मी स्वतःला तसंच सांगितलं.

नारपोलीत मोहाची कुठे मिळणार? नाक्यामागे हातभट्टीची मिळायची, काळ्या गुळाची आणि नवसागराची, घशात खिळा गेल्यासारखी. ती मी एकदाच आणली, कारण आमच्याच गल्लीतल्या एका लूमवाल्याचे डोळे तिच्यापायी गेले होते. ताडी म्हणून शहरात जी मिळायची ती ताडी नव्हतीच, पावडर कालवलेलं पांढरं पाणी. बाच्या मुलीला ते एका घोटात कळलं. मग देशी. सरकारमान्य दुकानातली, संत्र्याच्या वासाची. मी स्वतः दुकानात जाऊ शकत नव्हते, म्हणून भंगारवाल्या बाईला सांगायचे. ती पदराखालून आणून द्यायची आणि काही विचारायची नाही. रमला जळक्या साखरेचा वास येतो, व्हिस्कीला लाकडाचा, बिअर कडू आणि पोट फुगवणारी, हे सगळं मला पुढे दोन वर्षांत कळलं. पण खरं सांगू, त्यानंतर चव कुणी घेतं? चव घेणारा माणूस एक घोट घेऊन थांबतो. बा थांबायचा.

बाबांची सकाळी सातची ड्युटी. तू शाळेत. मी डबे भरले, धुणं केलं की अकरा वाजता दार लावायचे. चारही बाजूंनी लूम चालू असायचे, खटखट खटखट, आणि त्या आवाजात मला एकटीला रडता यायचं. तू यायच्या आत तोंड धुवायचे, वेलची चघळायचे. तुला वेलचीचा वास आवडायचा. तू माझ्या गळ्याला नाक लावायचीस.

तू दुसरीत होतीस तेव्हाची गोष्ट. मार्च महिना. तू साडेबाराला घरी आलीस आणि दाराला आतून कडी होती. तू हाका मारल्यास, दार वाजवलंस. मी आत होते. मला काहीही ऐकू आलं नाही. तू उन्हात पायरीवर बसून राहिलीस ते पाच वाजेपर्यंत. समोरच्या कारखान्यातल्या एका भय्याने तुला पाणी दिलं, डोक्यावर कापडाचा तुकडा टाकला, आणि तो अधूनमधून येऊन दार ठोकत होता, "भाभी, बच्ची बाहर है, दरवाजा खोलो." मला हे सगळं त्याच्याकडूनच नंतर कळलं. बाबा आले, त्यांनी खांद्याने कडी मोडली. रात्रभर तुला ताप होता. कपाळावरच्या ओल्या घड्या बदलताना मी हात पुढे केला तर बाबांनी तो बाजूला केला. परीक्षा संपली त्या दिवशी ते तुला घेऊन खारबावला वैशाली आत्याकडे गेले आणि एकटे परत आले.

तुला सांगितलं, आईला कावीळ झाली आहे, ती लहान मुलांना लागते. तू चौदा महिने खारबावला राहिलीस, तिसरी तिथल्या शाळेत केलीस. आत्याने तुला स्वतःच्या रुचिकासारखंच वाढवलं, तिचे उपकार मी विसरणार नाही. दर रविवारी बाबा भेटायला जायचे. मी जायचे नाही, कारण मी बहुतेक रविवारी जाण्याच्या लायकीची नसायचे.

दिवाळीच्या तोंडावर बाबांनी मला माहेरी नेऊन सोडलं. बाला त्यांनी अंगणात बाजूला घेऊन सांगितलं. मी ओटीवर बसून बघत होते. बा ऐकत होता आणि कोयतीला धार लावत होता. बाबा गेले. बाने कोयती पुसली, कापडात गुंडाळली आणि आड्याला खोचून ठेवली. दुसऱ्या दिवशी तो ताडांवर चढला, हंगामासाठी आधीच वर बांधून ठेवलेली सगळी मडकी खाली उतरवली आणि मागच्या अंगणात पालथी घातली. फळीवरची मोहाची बाटलीही गेली. आये म्हणाली, "आवं, हंगाम तोंडावर हाय, खायचं काय?" बा म्हणाला, "ताडी ही आपली चूल हाय. पन घरात पोर जलते हाय, तवा चूल पेटवायची न्हाय."

पहिले नऊ दिवस माझे हात भरलेला पेला धरू शकत नव्हते. भिंतीवर मुंग्या दिसायच्या, ज्या तिथे नव्हत्या. अंबाडीचे डॉक्टर रोज येऊन सुई टोचून जायचे. आयेने मला लहान पोरासारखी पेज भरवली. आणि संध्याकाळी बांधाशी माणसं यायची, वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं. मला आतून त्यांचे आवाज ऐकू यायचे. "लडकू, ताडी न्हाय का रं?" बा ओटीवरून उत्तर द्यायचा, "औंदा ताडं रुसल्यात." रोज तेच. सगळ्या गावाला दिसत होतं की तुरे चांगले निघालेत आणि म्हातारा चढत नाही. तरी त्याने दुसरं कारण दिलं नाही, आणि माझं नाव कुणाच्या तोंडी येऊ दिलं नाही. त्या वर्षी तो आणि आये वीटभट्टीवर गेली. साठीच्या माणसाने डोक्यावर कच्च्या विटा वाहिल्या. तू सगळ्यांना सांगतेस ना, आजाने गुडघ्यांमुळे एक साल ताडी सोडली होती? त्याचे गुडघे त्या विटांनी गेले, सुकू. ताडी त्याने माझ्यामुळे सोडली.

मी इथे थांबले असते तर गोष्ट बरी दिसली असती. पण तू मला खरं लिही म्हणाली आहेस. वैशाखात खारबावला धाकट्या काकांची हळद होती. दारू सोडून मला सहा महिने झाले होते, सगळे म्हणाले, चंद्रा बरी झाली, येऊ दे. आपल्याकडची हळद तुला माहीत आहे. धवल्यांची गाणी चालू, बँजो चालू, मांडवामागे पिंपं भरलेली. कुणीतरी जाऊबाई ग्लास पुढे करून म्हणाली, "घे गो, आजचा दिवस." कडक, सांजची ताडी होती. मी घेतला. किती चांगलं वाटलं हेही लिहिते, कारण ते लपवलं तर बाकीचं खरं वाटणार नाही. माझ्या माहेरच्या सगळ्या सकाळी त्या एका घोटात होत्या. मी दुसरा घेत होते तेवढ्यात तू धावत आलीस. हिरव्या फ्रॉकमध्ये, गालाला हळद. वर्षभराने तू मला मिठी मारलीस, माझ्या गळ्याशी नाक नेलंस, आणि इतकी खूश होऊन म्हणालीस, "आई, तुला आजाच्या मडक्याचा वास येतो."

तुला तो वास आवडत होता. तुझ्यासाठी तो आजाचा होता, झाडांचा, सुट्टीचा. मी ग्लास खाली ठेवला आणि मांडवाबाहेर गेले. तू मागे मागे आलीस आणि विचारत राहिलीस की मी काय चुकीचं बोलले. तू काहीच चुकीचं बोलली नव्हतीस. त्याला आता चोवीस वर्षं झाली. त्या ग्लासानंतर एकही नाही. जूनमध्ये तू घरी आलीस, मी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले, मग सेविका झाले. बा पुढच्या दिवाळीला पुन्हा चढला, गुडघे साथ देतील तेवढे, चार ताड, नंतर दोन. मी माहेरी गेले की तो मडकी घरात आणायचा नाही, बांधावरच विकून यायचा.

तू बारावीनंतर म्हणालीस, मला वाईनचं शिकायचं आहे, तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं होतं. मी म्हणाले, शिकू दे. मला भीती वाटली नाही असं नाही. पण तू पहिल्या सुट्टीत येऊन मला सांगत बसली होतीस, आई, साल काढली की द्राक्षाची वाईन पांढरी होते, सालीसकट आंबवली की लाल, आणि तिला अंधारात गप्प ठेवावं लागतं. तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. तो बाचा चेहरा होता, ओंजळभर चाखून डोळे मिटतानाचा. तू घोट घेऊन थुंकून टाकतेस हे तू दाखवलंस तेव्हा मी आत जाऊन रडले. आनंदाने. कुणाकुणाला थांबता येतं. मला येत नाही, एवढीच गोष्ट आहे. त्यात ताडाचा दोष नाही आणि द्राक्षाचाही नाही.

हे तुला मी कधी सांगणारच नव्हते. मागच्या वर्षी रुचिकाच्या लग्नात मी पानसुपारीचं तबक घेऊन येत होते आणि तू पाठमोरी, तुझ्या मैत्रिणीला, मृणालीला सांगत होतीस. हसत हसत सांगत होतीस. म्हणालीस, "भाऊ गेल्यावर आईला मी नकोशी झाले होते, मला आत्याला देऊन टाकलं होतं वर्षभर." मी तबक घेऊन तशीच परत फिरले. तू इतकी वर्षं ते मनात घेऊन माझ्याशी इतकी चांगली वागलीस. मला तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. धीर झाला नाही. तुला दिलं नव्हतं गं. माझ्यापासून दूर ठेवलं होतं, आणि ते बरोबर केलं होतं.

आणि आता हे पत्र का, ते. गेल्या सोमवारी तू फोनवर माहिती मागितलीस ती नंतर. आधी तू सांगितलंस की पौषात तुमच्या जांभळाच्या वाईनची पहिली बाटली उघडायची आहे, मांडव घालणार आहात, पाहुणे येणार आहेत, आणि पहिला ग्लास मंचावर मी प्यायचा. ताडीवाल्या लडकूची लेक म्हणून. मी "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. तू विचारलंस, "आई, तुला माझ्या धंद्याची लाज वाटते का?" मी त्याचं उत्तर दिलं नाही, म्हणून इतकी पानं लिहावी लागली. नाही वाटत. लाज मला माझी वाटत होती, आणि ती लपवण्यासाठी मी तुला तुझी वाटायला लावली. मी येणार आहे, बाबांना घेऊन आदल्या दिवशीच. पुढच्या रांगेत बसेन. फक्त माझ्या हातात ग्लास देऊ नकोस, आणि लोकांना दिसावं म्हणून त्यात सरबत भरूनही देऊ नकोस. पहिला घोट तू घे. कुणी विचारलं तुझी आई का घेत नाही, तर तुझ्या मनाला येईल तेवढं खरं सांग, माझी हरकत नाही. आणि त्या आधी, जमेल तेव्हा, पायरीवर बसली होतीस त्या दुपारबद्दल तुला मला जे म्हणायचं असेल ते म्हण. मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
आई